जतन कशाचे? : वाफेच्या सहलगाड्या आणि फायरमनचे काम

१

मराठी मुलाची आगगाडीशी पहिली ओळख बहुधा बालगीतातून होते आणि त्या गाण्यात गाडी मामाच्या गावाला जाते. माझे मामा गावाला नव्हते. ते गाडीच्या इंजिनावर होते. १९५७ साली ते भुसावळच्या लोकोशेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले, वीस-बावीस वर्षे वाफेवर काढून मग विजेच्या इंजिनावर गेले आणि १९९४ साली ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मला रेल्वेचे वेड लागले ते त्यांच्यामुळे, असे घरात सगळे म्हणतात. पण त्यांना स्वतःला हे वेड कधीच नव्हते. माझ्या भिंतीवरची इंजिनांची छायाचित्रे पाहून ते एकदाच म्हणाले होते, ‘यात माणूस कुठाय?’ त्या वेळी मी तो प्रश्न हसण्यावारी नेला होता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

विषय आहे वाफेच्या सहलगाड्यांचा. भारतात नेमाने धावणारी ब्रॉडगेजवरील शेवटची वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. त्यानंतर वाफेचे इंजिन रुळांवर दिसते ते बहुतेक वेळा ‘वारसा’ म्हणून. हौशी प्रवासी तिकीट काढतात, गाडी काही मैल जाते, शिट्टी वाजते, छायाचित्रे निघतात आणि गाडी निघाली तिथेच परत येते. या प्रवासाला मुक्काम नसतो. म्हणून मी त्याकडे प्रवास म्हणून न पाहता नाटकाच्या प्रयोगासारखा एक प्रयोग म्हणून पाहतो. प्रयोग आला की त्याची समीक्षाही आली. आम्हा रेल्वेवेड्यांच्या वर्तुळात समीक्षेचा सुकाळ असतो, पण ती जवळजवळ सगळी तपशिलांची असते : रंग चुकला, नंबरप्लेट दुसऱ्या काळातली लावली, शिट्टी मूळची नाही. प्रयोग नेमके काय जपतो, हा प्रश्न मात्र आम्ही क्वचितच विचारतो. तो विचारला तर एका सहलगाडीला चांगली आणि दुसरीला सुमार का म्हणायचे, याचा काही निकष हाती लागेल असे मला वाटते.

२

हौशी माणसांनी रेल्वे वाचवण्याची कथा वेल्समध्ये सुरू होते. टॅलिलिन ही खाणीतली पाटी-दगडाची वाहतूक करणारी, सव्वादोन फुटी गेजची छोटी रेल्वे १८६०च्या दशकातली. तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० साली वारले आणि रेल्वे बंद पडणार हे उघड झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅममध्ये एक सभा भरली. लेखक टॉम रोल्ट हे त्या खटाटोपामागचे मुख्य माणूस. संस्था स्थापन झाली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे मानली जाते.

या घटनेवरून स्फूर्ती घेऊन ईलिंग स्टुडिओने १९५३ साली ‘द टिटफिल्ड थंडरबोल्ट’ हा विनोदी चित्रपट काढला. त्यात गावातला पाद्री इंजिन हाकतो. खलनायक आहे बस कंपनी. चित्रपट हलकाफुलका असला तरी त्यात एक गोष्ट अचूक पकडलेली आहे : गाडी वाचवायची तर प्रवाशाने डब्यातून उतरून इंजिनावर चढले पाहिजे. ब्रिटनमध्ये पुढे खरोखर तेच झाले. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने वाफेची निरोपाची गाडी काढली आणि त्यानंतर मुख्य मार्गांवर वाफेला बंदीच घातली. ती १९७१ साली सैल झाली. दरम्यानच्या काळात आणि नंतरही शेकडो कारकून, शिक्षक, अभियंते शनिवार-रविवारी ओव्हरऑल चढवून शेडमध्ये जात राहिले. सुरुवात क्लीनर म्हणून, मग फायरमन, मग परीक्षा देऊन ड्रायव्हर. भुसावळला मामा ज्या पायऱ्या चढले त्याच या. फरक एवढाच, की मामांना त्याचा पगार मिळत होता आणि ही मंडळी स्वतःच्या खिशाला खार लावून तेथे येत होती.

हा फरक लहान नाही. त्याकडे मी पुढे वळणारच आहे. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ब्रिटिश हौशी चळवळीने इंजिनांबरोबर काम जपले. आग कशी रचायची, पाण्याची पातळी कशी राखायची, बेअरिंग तापले तर वासावरून कसे ओळखायचे, हे पुस्तकात सगळे येत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. जुन्या कामगारांची पिढी हयात होती तेव्हाच हौशी मंडळी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, हे त्या चळवळीचे सर्वांत मोठे संचित.

३

आता आपल्याकडे. दार्जिलिंग हिमालयन रेल्वे १८७९ ते १८८१ या काळात बांधली गेली. दोन फुटी गेज, न्यू जलपायगुडीपासून दार्जिलिंगपर्यंत ८८ किलोमीटर, वाटेत घूम स्थानक २,२५८ मीटर उंचीवर. एवढी उंची गाठायला एकही बोगदा लागला नाही. वळसे आणि मागेपुढे होत चढणारे झिगझॅग यांवर सगळे भागवले. १९९९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिची ‘बी’ वर्गाची इंजिने १८८९ पासून बनू लागली. एकूण ३४ बनली. त्यांतली काही अजून धावतात.

२०१३च्या एप्रिलमध्ये मी मामांना घेऊन दार्जिलिंगला गेलो. ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. मामींना कांचनजंगा पाहायचे होते, मला इंजिन; मामांना काही नको होते. आम्ही दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग अशी दोन तासांची ‘जॉयराइड’ घेतली. बतासिया लूपवर गाडी थांबते, प्रवासी फुलझाडांत फोटो काढतात, घूमला थांबते, प्रवासी छोटे संग्रहालय पाहतात, मग परत.

गाडी सुटण्याआधी मामा प्लॅटफॉर्मवर इंजिनाशी जाऊन उभे राहिले. या इंजिनावर माणसे किती, हे आम्ही वेडे लोकसुद्धा पटकन सांगू शकत नाही. ड्रायव्हर आणि फायरमन तर असतातच. शिवाय कॅबच्या पुढे कोळशाच्या ढिगावर एक जण बसतो, ढेकळे फोडतो आणि आत देतो. चढावर रूळ ओले किंवा निसरडे असले की चाके जागच्या जागी फिरतात; म्हणून पुढच्या बफरबीमवर बसून दोघे जण रुळांवर हाताने वाळू टाकतात. चहाच्या पेटीएवढ्या भासणाऱ्या इंजिनावर पाच माणसे काम करतात. मामांच्या डब्ल्यूजी इंजिनाच्या मानाने हे खेळणेच, पण त्यांनी ते खेळणे म्हटले नाही. फायरमनशी त्यांचे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. भाषा दोघांची निराळी. मधूनमधून हिंदी, बाकी हातवारे. थोड्या वेळाने फायरमनने त्यांना आगीचे दार उघडून आत दाखवले. मामा वाकून बघत होते आणि मान हलवत होते.

गाडी सुटताना इंजिनाने काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडला. प्लॅटफॉर्मवर आरोळी उठली, सगळ्यांचे मोबाइल वर गेले. माझा कॅमेराही. मामा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, ‘हे त्याने तुमच्यासाठी केलं. एरवी असा धूर काढला असता तर आमच्या फोरमनने कानाखाली काढली असती.’

४

हे वाक्य मला पुढे कितीतरी महिने पुरले. वाफेच्या इंजिनाचे आपल्या मनातले चित्र काळ्या धुराचे आहे. सहलींचे आयोजक छायाचित्रकारांसाठी मुद्दाम ‘धूर काढायला’ सांगतात. त्यासाठी खास गाड्या निघतात आणि त्यांचे तिकीट महाग असते. कामाच्या भाषेत मात्र काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. आगीवर एकदम जास्त कोळसा पडला, हवा कमी पडली, की तो निघतो. चांगला फायरमन थोडा थोडा आणि वारंवार कोळसा टाकतो, जाळीच्या कोणत्या कोपऱ्यात आग पातळ झाली आहे ते पाहून तिथेच फावडे रिकामे करतो. त्याच्या धुराड्यातून हलका करडा धूर येतो, उताराला जवळजवळ काहीच नाही. कौशल्य जितके जास्त तितके दृश्य कमी. म्हणजे ज्या क्षणी आम्ही टाळ्या पिटतो तो क्षण कारागिराच्या दृष्टीने चुकीचा असतो. आमच्या आवडीने त्याचे काम उलटे करून घेतले आहे.

नाटकाच्या प्रेक्षकाला टाळीचे वाक्य हवे असते आणि नटाला ते नकोसे वाटत असूनही म्हणावे लागते, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे टाळीच्या वाक्याची किंमत कोळशात आणि बॉयलरच्या नळ्यांवर चढणाऱ्या काजळीत मोजली जाते.

दार्जिलिंगच्या गाडीचे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले दर्शन १९६९च्या ‘आराधना’ चित्रपटातले. गाडीच्या खिडकीत नायिका, शेजारच्या रस्त्यावर जीपमध्ये नायक. चित्रपटाच्या जाणकारांना ठाऊक आहे, की शर्मिला टागोर त्या चित्रीकरणाला दार्जिलिंगमध्ये नव्हत्या. त्यांचे खिडकीतले प्रसंग नंतर स्टुडिओत घेऊन जोडले गेले. याला मी फसवणूक म्हणणार नाही, चित्रपट असाच बनतो. पण त्या गाण्याने आपल्याला गाडी कुठून पाहायची ते शिकवले : जीपमधून. पर्यटकाने भाड्याची गाडी करून रुळांशेजारच्या हिलकार्ट रोडवरून इंजिनाचा पाठलाग करणे हा आज दार्जिलिंगचा एक ठरलेला कार्यक्रम आहे. तिथून धूर दिसतो, डबे दिसतात, दऱ्या दिसतात. आगीचे दार दिसत नाही.

५

रेल्वेवेड्यांचा दुसरा आवडता वाद ‘अस्सल’ कोणते याचा. ब्रिटनचे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिन १९२३चे. १९६३ साली ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतले, १९६९ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले आणि त्यात त्यांचे दिवाळे निघाले. अनेक हातांतून जात ते २००४ साली राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आले आणि दीर्घ, खर्चिक डागडुजीनंतर २०१६ साली पुन्हा धावले. बॉयलर तर त्याचा अनेकदा बदललेला. मग त्याला १९२३चे इंजिन म्हणायचे का, यावर रात्री जागवल्या जातात.

शेडमध्ये काम केलेल्याला हा प्रश्न मुळात पडत नाही. वाफेच्या काळातही मोठ्या दुरुस्तीला इंजिन वर्कशॉपमध्ये गेले की एकाचा बॉयलर दुसऱ्यावर चढत असे. चाके, सिलिंडर, नळ्या बदलत राहत. इंजिन हे वस्तू म्हणून कधीच स्थिर नव्हते. स्थिर होती ती ते दुरुस्त करण्याची रीत. दार्जिलिंगच्या मार्गावर तिनधरियाला रेल्वेचे वर्कशॉप आहे. ‘बी’ वर्गाची काही इंजिने तिथेच बनली आणि बाकीची तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत आली. माझ्या मते वारशाचा दर्जा खऱ्या अर्थाने लागू पडतो तो तिनधरियाच्या त्या छपराखाली जे लोकांना येते त्याला.

दोन उदाहरणे समोरासमोर ठेवतो. १८८९ साली ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने बांधलेले दार्जिलिंगचे एक ‘बी’ इंजिन, पुढे ज्याचा क्रमांक ७७८ झाला, १९६२ साली एका अमेरिकन हौशी माणसाला विकले गेले. २००२ साली ते ब्रिटिश रेल्वे उद्योगातले एक मोठे अधिकारी ॲड्रियन शूटर यांनी घेतले आणि ऑक्सफर्डशायरमधील आपल्या घराच्या आवारात रूळ टाकून चालवले. मूळच्या धर्तीवर डबेसुद्धा बांधून घेतले. वस्तू म्हणून हे इंजिन उत्तम जपलेले आहे. पण त्याच्यापुढे चढ नाही, पाऊस नाही, वाळू टाकणारे दोघे नाहीत.

दुसरे उदाहरण ‘टॉर्नेडो’चे. ब्रिटनच्या पेपरकॉर्न ए-१ वर्गाच्या ४९ इंजिनांपैकी एकही वाचले नव्हते. तेव्हा हौशी लोकांनी १९९० साली न्यास काढून पन्नासावे इंजिन नव्यानेच बांधायचे ठरवले आणि २००८ साली ते पुरे झाले. या इंजिनात जुने जवळजवळ काही नाही. त्याचा बॉयलर जर्मनीतील माइनिंगेनच्या कारखान्यात बनवून घेतला, कारण वाफेवर जगाला रेल्वे देणाऱ्या देशात एवढा मोठा बॉयलर करून देणारे कोणी उरले नव्हते. माइनिंगेनचे वर्कशॉप वाफेच्या इंजिनांचे काम न सोडता टिकून राहिले, म्हणून हे जमले. ७७८ अस्सल आहे आणि टॉर्नेडो नवे कोरे. पण ‘जतन’ हा शब्द मला दुसऱ्याला अधिक शोभतो, कारण त्या अठरा वर्षांत एक हरवत चाललेली विद्या पुन्हा हातांत आली आणि कुठे ती हरवली आहे हेही कळले.

६

येथे मला स्वतःविरुद्ध एक आक्षेप घेतला पाहिजे. कामाचे गोडवे गाणे सोपे आहे, विशेषतः ज्याने ते केलेले नाही त्याला. ऑगस्ट १९७३ मध्ये देशभरातल्या लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांची मुख्य मागणी होती कामाचे तास दहापर्यंत मर्यादित करण्याची. इंजिनावर चढलेला माणूस उतरणार केव्हा याचा भरवसा नसे. चौदा, सोळा तास हे नवल नव्हते. पुढे ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि २७ मेपर्यंत चालला. त्या काळात मामा पंधरा दिवस घराबाहेर होते. कुठे होते ते त्यांनी कधी सांगितले नाही. मे महिन्यातल्या विदर्भात बडनेऱ्याकडे जाणाऱ्या मालगाडीच्या इंजिनावर, समोर आग आणि वर सूर्य असताना, एका फेरीत काही टन कोळसा फावड्याने टाकणे म्हणजे काय, हे त्यांच्या उजव्या खांद्याकडे पाहिले की कळे. विजेचे इंजिन मिळाले तो दिवस त्यांनी घरी पेढे वाटून साजरा केला होता.

म्हणून शनिवार-रविवारी हौसेने कोळसा टाकणारा ब्रिटिश शिक्षक आणि पोटासाठी टाकणारे मामा यांना एकाच ओळीत बसवता येत नाही. हौस केव्हाही थांबू शकते, पोट थांबत नाही. सहलगाडी हा फरक पुसते. तिच्यात श्रम आहेत, पण संप नाही. घाम आहे, पण ड्यूटीचे तास नाहीत. दार्जिलिंगची स्थिती तर याहून गुंतागुंतीची. तिथले फायरमन हौशी नाहीत, नोकरदार आहेत. २०१७च्या गोरखालँड आंदोलनात सोनादा आणि गयाबाडी ही स्थानके जळाली, गाड्या कित्येक महिने थांबल्या. ज्या डोंगरात ही रेल्वे आहे तिथल्या माणसांचे या वारशाशी नाते काय, हा प्रश्न जॉयराइडच्या दोन तासांत कोणाला पडत नाही. रोजच्या बाजारहाटाला, शाळेला जाणारा डोंगरातला प्रवासी केव्हाच जीपकडे वळला. गाडी राहिली, तिची गरज असलेला प्रवासी राहिला नाही. त्याच्या जागी आम्ही आलो.

मग सहलगाड्या बंद कराव्यात का? मुळीच नाही. जॉयराइडचे तिकीट विकले जाते म्हणूनच तर ही इंजिने पेटतात. आग विझली तर फायरमन नाही, आणि फायरमन नाही तर मामांनी हातवाऱ्यांनी बोलावे असे कोणी नाही. माझे म्हणणे इतकेच, की आपण पाहणाऱ्यांनी दुसरी गोष्ट पाहायला शिकले पाहिजे.

७

ते न शिकल्यास काय होते, याचेही उदाहरण समोर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकतानगर आणि अहमदाबाददरम्यान एक ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. तिच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप दिलेले आहे. आत विजेच्या मोटारी. प्रदूषण नाही, खर्च कमी, प्रवासी खूश. तक्रार करायला खरे तर जागा नाही. उलट तिने एक गोष्ट प्रामाणिकपणे उघड केली : आपल्याला धूर, शिट्टी आणि गोल पोट एवढेच हवे असेल तर फायरमन लागतच नाही. आमची मागणी होती तेवढीच तिने पुरवली.

याच्या उलट हरियाणातील रेवाडीचे शेड पाहा. १८९३चे हे शेड वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखते. १९४७ साली बाल्डविन कंपनीकडून आलेले ‘आझाद’ हे डब्ल्यूपी ७२०० तिथे आहे, चित्रपटांतून झळकणारे ‘अकबर’ तिथे आहे. इंजिन पेटवायचे तर आदल्या रात्रीपासून आग लावून बॉयलर हळूहळू तापवावा लागतो. घाई केली तर पत्रे आणि नळ्या असमान प्रसरण पावून गळू लागतात. ही आदली रात्र तिकिटात नसते. माझ्या मते असायला हवी. प्रवाशाला गाडीत बसवण्याआधी तासभर शेडमध्ये नेले, राख काढणारा, वंगण घालणारा, आग रचणारा माणूस दाखवला, त्याचे वय आणि त्याच्या हाताखाली कोण शिकतो आहे ते सांगितले, तर प्रयोगाचा अर्थच बदलेल.

निकष मागितला होता, तर तो असा. वाफेच्या सहलीहून परत आलेल्या माणसाला इंजिनाचा नंबर विचारू नये, विचारावे : आग कोणी केली होती आणि त्याच्यामागून ती कोण करणार आहे? ज्या सहलीत या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाला मिळते ती चांगली. ज्या सहलीत हा प्रश्नच उद्भवत नाही ती सुंदर असू शकेल, पण तिथे जतन चाललेले नाही. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली आणि तिची वाफेची इंजिने जाऊन आता कित्येक दशके झाली. तिथे पुन्हा वाफ आणावी अशी मागणी आम्ही हौशी लोक अधूनमधून करतो. त्या मागणीबरोबर नेरळच्या शेडमध्ये चार तरुणांना दोन-तीन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली शिकवण्याची मागणी आम्ही केल्याचे मला आठवत नाही. तो ‘कोणीतरी’ आता शोधावा लागेल. दरवर्षी ती माणसे कमी होत आहेत.

घूमहून परतताना मामा खिडकीशी बसले होते. गाडी उताराला लागली होती, धुराड्यातून नुसती वाफेची पुसट रेघ निघत होती. फोटो काढण्यासारखे काही नव्हते म्हणून मी कॅमेरा पिशवीत टाकला. मामांनी माझ्या दंडाला हात लावला आणि बाहेर बोट दाखवून म्हणाले, ‘आता बघ. आता तो नीट काम करतोय.’